आधी मनानंबाल, मग डॉक्टर

दक्षिण फिलिपिन्समधल्या खेड्यात लहान मुलाला एकाएकी ताप भरला, की घरातली वडीलधारी बाई ताप किती आहे हे पाहण्याआधी, काल तिन्हीसांजेला तो कुठे खेळत होता, हे विचारते. वडाच्या जातीच्या त्या बालेते नावाच्या झाडाखाली गेला होता का, वारुळाला पाय लागला का, ओढ्याकाठी लघवी करण्याआधी त्याने तोंडाने परवानगी मागितली होती का, वाटेत कुणा परक्याने त्याच्या गालांचे कौतुक केले होते का, अशी सगळी चौकशी होते आणि मुलाला कुणाकडे न्यायचे हे तिच्या उत्तरांवरून ठरते. आरोग्य केंद्राचा रस्ता त्या घराला ठाऊक असतो. मुलाच्या लसीकरणाचे कार्डही भिंतीवर नीट जपून लावलेले असते. तरीही पहिली फेरी बहुधा मनानंबालकडे, म्हणजे गावच्या पारंपरिक वैद्याकडे, होते.

मी वैद्यकीय शिक्षण दावाओ शहरात घेतले. महाराष्ट्रातून तिकडे शिकायला जाणाऱ्या मुलामुलींची संख्या मोठी आहे, त्यांतलीच मी एक. सामुदायिक वैद्यकशास्त्राच्या कामासाठी आम्हाला शहराबाहेरच्या बारांगायांमध्ये, म्हणजे तिथल्या सर्वांत लहान प्रशासकीय वस्त्यांमध्ये, राहावे लागे. रुग्णाची माहिती टिपून घेताना 'याआधी कुठे दाखवले होते?' हा प्रश्न आम्ही नेमाने विचारत असू आणि त्याचे उत्तर देताना बायका क्षणभर आमच्या चेहऱ्याकडे पाहत. रागावणार नाही अशी खात्री पटली की मगच सांगत, की मनानंबालने नाडी पाहिली, किंवा हिलोट करणाऱ्या म्हातारीने चोळून दिले. दावाओत आणि मधल्या विसायास बेटांवर सेबुआनो भाषा चालते, तिथे हा वैद्य मनानंबाल असतो. मनिलाकडच्या टागालोग भाषकांत त्यालाच आल्बुलार्यो म्हणतात. हाडे-शिरा चोळून जागेवर बसवणारा वेगळा, बाळंतपण करणारी मनानाबांग वेगळी, कुत्रा चावल्यावर शिंग लावून विष ओढणारा वेगळा. एखाद्या गावात ही सगळी कामे एकच म्हातारी करते.

या लोकांवरचा विश्वास नेमका कशावर उभा आहे, हे समजून घेण्याची मला तेव्हा निकड वाटली आणि आज स्वतः रुग्ण तपासताना ती अधिकच वाटते.

पहिली गोष्ट अशी, की त्या खेड्यांमध्ये आजाराचे दोन वर्ग मानले जातात आणि प्रत्येक घर ते आपापल्या अनुभवाने वेगळे करत असते. मोडलेले हाड, क्षयरोग, मधुमेह हे डॉक्टरचे आजार. गोळी घेऊनही न उतरणारा ताप, कारण नसताना आलेली सूज, रात्री दचकून रडणारे तान्हे बाळ, हे 'दिली इंगोन नातो' यांच्याकडून आलेले असू शकते. 'आपल्यासारखे नसलेले' असे त्यांना म्हणतात, नाव घेत नाहीत. ती भुते नव्हेत. झाडात, दगडात, पाण्याच्या काठावर राहणारे ते शेजारी आहेत, त्यांची घरे आपल्याला दिसत नाहीत, म्हणून वाट ओलांडताना 'जरा सरा' अशी विनंती करून पुढे जायचे असते. ही विनंती राहून गेली, की शेजारी दुखावतो. मग मनानंबाल मनगटावर बोटे ठेवून नाडी ऐकतो, धूप जाळून रुग्णाला धुरी देतो, आणि दुखावलेल्याची समजूत काढण्यासाठी कोंबडी व भात शिजवायला सांगतो. त्या नैवेद्यात मीठ घालायचे नसते, कारण त्या शेजाऱ्यांना मीठ चालत नाही अशी समजूत आहे. आपल्याकडे दृष्ट मीठ-मोहरीनेच काढतात, त्यामुळे मला हा अळणी भात फार लक्षात राहिला. परक्याच्या कौतुकाने मूल आजारी पडते, याला तिकडे बुयाग म्हणतात, आणि तो आम्हा मराठी मुलींना कुणी समजावून सांगावा लागला नाही.

या निदानात आईच्या दृष्टीने काय घडते, ते पाहण्यासारखे आहे. आम्ही तिला सांगतो, की बहुतेक विषाणूचा ताप असावा, तीन दिवस वाट पाहू. मनानंबाल तिला सांगतो, की अमुक ठिकाणी अमुक चूक झाली आहे आणि ती उद्या सकाळपर्यंत दुरुस्त करता येईल. आमच्या उत्तरात सत्य अधिक आहे, याबद्दल मला शंका नाही. परंतु त्याच्या उत्तरात तिला करण्यासारखे काम आहे, मुलाला पुन्हा गावाच्या आणि रानाच्या व्यवहारात बसवण्याची एक रीत आहे, आणि ती पार पाडायला सगळे घर एकत्र येते. विषाणूजन्य ताप बहुधा तीन-चार दिवसांत उतरतोच. श्रेय नैवेद्याला जाते, हे खरे; पण त्या दिवसांत आई एकटी पडलेली नसते, हेही तितकेच खरे.

ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात मी सिकिहोर बेटावर गेले होते. लाखभर वस्तीच्या या लहानशा बेटाला स्पॅनिश लोक 'अग्नीचे बेट' म्हणत, ते झाडांवर लखलखणाऱ्या काजव्यांमुळे, असे सांगतात. चेटूक आणि वैद्यकी या दोन्हींसाठी हे बेट देशभर प्रसिद्ध आहे आणि डोंगरातल्या सान अंतोनियो भागात मनानंबालांची जुनी घराणी आहेत. उपवासकाळातल्या सात शुक्रवारी ते मुळ्या, साली, पाने, मेणबत्त्यांचे उरलेले मेण असे सामान गोळा करतात आणि गुड फ्रायडेनंतरच्या शनिवारी मोठ्या कढईत ते शिजवून वर्षभराचे औषध तयार करतात. तिथेच मी बोलो-बोलो नावाचा उपचार जवळून पाहिला. पेल्यात पाणी, तळाशी एक काळा दगड आणि तोंडात नळी. नळीतून पाण्यात फुंकर घालत एक वृद्ध मनानंबाल बाई पेला रुग्णाच्या डोक्यापासून पायापर्यंत अंगाजवळून फिरवते, पाणी हळूहळू गढूळ होते, ते ओतून पेला पुन्हा भरायचा, आणि पाणी स्वच्छ राहीपर्यंत हे चालू ठेवायचे. पेल्यातले पाणी शरीरातला रोग ओढून घेते, यावर माझा विश्वास नाही. परंतु त्या बाईने प्रत्येक माणसाला जितका वेळ दिला, तितका वेळ मला आजही कोणत्याही बाह्यरुग्ण विभागात देता येत नाही. एका मध्यमवयीन स्त्रीच्या पोटाला हात लावताच ती थांबली, पेला खाली ठेवला आणि तिच्या मुलीला म्हणाली, 'हे माझ्याकडचे नाही, पोरी. आईला दुमागेतेला घेऊन जा.' दुमागेते हे समोरच्या नेग्रोस बेटावरचे शहर, मोठी इस्पितळे तिथे आहेत. फुंकर घालण्याआधी आणि नंतर तिने येशूची प्रार्थना म्हटली होती. तिच्या भिंतीवर सेबू बेटावरच्या बाळयेशूची, सांतो निन्योची, तसबीर होती आणि विद्या कुणी दिली असे विचारल्यावर तिने तिकडेच बोट दाखवले.

त्या तसबिरीमागे पाचशे वर्षांचा इतिहास आहे. स्पेनच्या वतीने निघालेल्या मॅगेलन या दर्यावर्दीची जहाजे 1521 साली सेबूला लागली, तेव्हा सोबत असलेल्या पिगाफेट्टा या इटालियन प्रवाशाने जे लिहून ठेवले, त्यात एका आजारी माणसाची हकीकत आहे. राजा हुमाबोनचा एक जवळचा नातलग चार दिवस बोलेनासा झाला होता, त्याच्यासाठी गावकरी आपल्या देवांना बळी देत होते. मॅगेलनने त्यांना सांगितले, की मूर्ती जाळा, याला बाप्तिस्मा घेऊ द्या, हा बरा होईल. मिरवणुकीने जाऊन बाप्तिस्मा दिला गेला आणि तो माणूस बोलू लागला. यात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो पुढचा तपशील: मॅगेलनने त्याला गादी, चादरी आणि उशी पाठवली आणि तो हिंडू-फिरू लागेपर्यंत दररोज बदामाचे दूध, गुलाबपाणी आणि गोड मुरंबे पाठवत राहिला. म्हणजे त्या बेटांवर नव्या धर्माच्या पहिल्या पावलांपैकी एक पाऊल वैद्याच्या वेशात पडले. प्रार्थनेबरोबर त्याने अंथरूण आणि आहारही दिला. मनानंबाल याहून वेगळे काय करतो?

स्पॅनिश सत्ता 1565 पासून पक्की झाली, तेव्हा मिशनऱ्यांचा खरा सामना झाला तो बाबायलान स्त्रियांशी. विसायास बेटांवर देवतांशी बोलणे, औषध देणे, जन्म-मृत्यूचे विधी करणे ही सगळी कामे या स्त्रियांकडे, आणि काही ठिकाणी स्त्रीवेशात राहणाऱ्या पुरुषांकडे होती. मिशनऱ्यांनी त्यांना सैतानाचे हस्तक ठरवले, त्यांची पूजेची साधने जाळली. बोहोल बेटावर 1621 साली तांब्लोट नावाच्या बाबायलानने लोकांना उठावासाठी गोळा केले आणि तो उठाव सेबूहून फौज नेऊन मोडून काढावा लागला. बाबायलानांचे सामाजिक स्थान त्यानंतर ओसरत गेले, परंतु त्यांचे वैद्यक नाहीसे झाले नाही. त्याने लॅटिन मंत्र उचलले, संतांची नावे घेतली, गुड फ्रायडे हा आपल्या शक्तीचा दिवस मानला आणि ते चर्चच्या सावलीत जाऊन बसले. मनिलातल्या कियापो चर्चच्या बाहेर आजही ताईत, मुळ्या आणि काढ्यांच्या बाटल्या विकणाऱ्या बायका ओळीने बसतात. त्यांत माकाबुहाय नावाची कडू वेल हमखास असते, ती आपल्या गुळवेलीची सख्खी चुलत बहीण. जे वैद्यक अशा दडपशाहीतून तगले, ते एखाद्या आरोग्य खात्याच्या भित्तिपत्रकाने हटेल, अशी अपेक्षा ठेवणेच मुळात चुकीचे आहे.

शिवाय दुसऱ्या बाजूला लोकांपुढे काय होते, तेही पाहिले पाहिजे. सात हजारांहून अधिक बेटांचा हा देश आहे. आरोग्यसेवा 1991 च्या कायद्याने स्थानिक संस्थांकडे सोपवली गेली, त्यामुळे गरीब नगरपालिकांची केंद्रेही गरीब राहिली. डॉक्टरच नसलेल्या नगरपालिकांसाठी 1993 साली खेड्यांकडे डॉक्टर पाठवण्याची सरकारी योजना निघाली, ती अजून चालू आहे. जगभरच्या इस्पितळांना परिचारिका पुरवणाऱ्या या देशाच्या डोंगरातल्या बारांगायात मात्र एक प्रशिक्षित सुईण आठवड्यातल्या ठरावीक दिवशी येते. तिथून गावच्या ग्रामीण आरोग्य केंद्रापर्यंत हबाल-हबालने, म्हणजे भाड्याच्या मोटरसायकलने, जायचे; भाडे रोख द्यायचे; रांगेत दिवस घालवायचा; लिहून दिलेले औषध तिथे नसले तर बाहेरून विकत घ्यायचे. 'इतक्या उशिरा का आणलेत?' हे ऐकायचे ते वेगळेच. मनानंबाल मात्र हाकेच्या अंतरावर असतो आणि किंमत सांगत नाही. दैवी देणगीचे पैसे ठरवले तर ती निघून जाते, अशी त्याचीही श्रद्धा असते. ज्याला जे जमेल ते तो ठेवतो: थोडे पैसे, तांदूळ, कोंबडी, नाहीतर नुसते आभार.

या श्रद्धेच्या नावाने धंदाही झाला, आणि तो वेगळा काढून ठेवला पाहिजे. उत्तरेकडच्या लुझोन बेटावरच्या बागियो आणि पांगासिनान भागात चाकूशिवाय, नुसत्या हाताने पोटातली गाठ काढण्याचे नाटक करणारे लोक 1960 आणि 70 च्या दशकांत जगभर गाजले; कर्करोगाने हताश झालेले परदेशी रुग्ण विमाने भरभरून तिकडे जात आणि त्यांना दाखवल्या जाणाऱ्या 'गाठी' प्राण्यांच्या मांसाच्या असत. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने 1975 साली अशा सहली विकण्यावर बंदी घातली. ती निखळ फसवणूक होती. बारांगायातल्या म्हातारीला त्या पंक्तीत बसवणे अन्यायाचे आहे.

फिलिपिन्स सरकारने या परंपरेतून एक गोष्ट मात्र मनापासून उचलली, ती म्हणजे पाला. औषधी वनस्पतींवरचे राष्ट्रीय संशोधन तिथे 1974 पासून सुरू झाले. हुआन फ्लाव्हिएर हे 1990 च्या दशकात आरोग्य सचिव असताना खात्याने 10 वनस्पतींची यादी घरोघरी पोहोचवली आणि 1997 साली पारंपरिक वैद्यकाचा कायदा होऊन त्यासाठी स्वतंत्र संस्था उभी राहिली. त्या यादीतली सर्वांत यशस्वी वनस्पती लागुंडी. तिचे झुडूप पहिल्यांदा दाखवले गेले तेव्हा मी पाने चुरगळून वास घेतला आणि ओळखले: ही आपली निर्गुंडी. आपल्याकडे सांधे शेकायला तिचा पाला वापरतात. तिकडे खोकल्यावर तिचा काढा देत, त्यावर चाचण्या झाल्या आणि आता तिच्या गोळ्या व सिरप कोणत्याही औषधाच्या दुकानात मिळतात. जखम धुवायला पेरूची पाने, गजकर्णावर आकापुल्को, शिवाय लसूण, कारले हेही यादीत आहेत. काम उत्तम झाले, आणि ते पाहून आपल्या वनस्पतींबद्दलही मला आशा वाटली. तरीही यात एक उणीव राहिली. पाला प्रयोगशाळेत गेला आणि तो ओळखणारी म्हातारी होती तिथेच राहिली. लोक तिच्याकडे केवळ पाल्यासाठी जात नव्हते. तिच्या हातासाठी, तिच्या वेळासाठी आणि तिने सांगितलेल्या कारणासाठी जात होते, आणि त्यांचे सिरप होत नाही.

आता अवघड भागाकडे येते. विसायास बेटांवर आणि दावाओ ज्यावर आहे त्या मिंदानाओ बेटावर पियांग नावाचा आजार मानतात. तान्ह्या मुलाला ताप आणि खोकला झाला, की ते कुठे तरी पडले असेल, उचलताना हिसका बसला असेल, आत काही तरी सरकले आहे, असे समजून त्याला हिलोट करणारीकडे नेतात. ती खोबरेल तेल लावून छाती, पाठ, बरगड्या हळुवार चोळते. साधी सर्दी असेल तर काही बिघडत नाही. पण न्यूमोनिया असेल, तर तेल चोळण्यात गेलेले दोन-तीन दिवस त्या मुलाच्या जिवावर बेततात.

एका बारांगायातल्या सुईणीने यावर जे केले होते, ते मला फार मोलाचे वाटते. तिने पियांग हा शब्द खोटा ठरवण्याच्या भानगडीत न पडता, चोळणाऱ्या म्हातारीला हाताशी धरले. सुईणीचे म्हणणे असे, की गावात मुलाची उघडी छाती शांतपणे, पुरेशा उजेडात, पाव तास पाहणारी व्यक्ती ही एकटीच आहे. आई घाबरलेली असते आणि डॉक्टर घाईत असतो. म्हणून तिने म्हातारीला दोन खुणा शिकवल्या. श्वास घेताना बरगड्यांच्या खालची बाजू आत ओढली जाते का, आणि मिनिटाला श्वास किती होतात. दोन महिन्यांपासून वर्षाच्या आतल्या बाळाचे 50 किंवा अधिक, त्यापुढच्या मुलाचे 40 किंवा अधिक झाले, तर चोळणे थांबवून ताबडतोब पाठवायचे. म्हातारी घड्याळ वाचू शकत नव्हती, तेव्हा तिच्या नातवाने मिनिट मोजावे असे ठरले. ती मुलाला पाठवताना आईला सांगे, की पियांग मी बसवला आहे, पण छातीत आणखी काही आहे, ते डॉक्टरचे. आई निमूटपणे निघे, कारण तिचा विश्वास मोडला गेला नव्हता, पुढे सोपवला गेला होता.

बाळंतपणाच्या बाबतीत सरकारने कठोर मार्ग घेतला. माता आणि नवजात बालकांचे मृत्यू रोखण्यासाठी 2008 साली आरोग्य खात्याने आदेश काढला, की प्रसूती आरोग्य केंद्रातच व्हावी, आणि पुढे अनेक नगरपालिकांनी घरी बाळंतपण करणाऱ्या मनानाबांगना दंड ठरवला. राष्ट्रीय पाहणीनुसार 2008 साली 44 टक्के प्रसूती आरोग्य संस्थांत होत होत्या, 2017 साली ते प्रमाण 78 टक्के झाले. वार सुटू लागल्यावर अतिरक्तस्राव झाला तर कोणत्याही काढ्याने तो थांबत नाही, त्यामुळे ही दिशा योग्य आहे असे मी ठामपणे म्हणेन. पण त्याच आदेशात गावोगावच्या महिला आरोग्य पथकांत या जुन्या सुइणींना सामावून घेण्याची तरतूद होती, आणि दंडाची पावती फाडण्यापेक्षा हे काम कितीतरी अधिक जपून करायला हवे होते. केंद्रातून दुसऱ्या दिवशी घरी पाठवलेल्या बाळंतिणीला पुढचे आठवडे कोण पाहते? बुघाट, म्हणजे बाळंतपणानंतर उलटणारे दुखणे, होऊ नये म्हणून पाल्याची वाफ देणारी, अंग चोळणारी, स्वयंपाकात हात लावणारी तीच असते. रक्तस्राव किंवा ताप पहिल्यांदा तिच्याच लक्षात येणार असतो.

जिथे तडजोडीला जागाच नाही, असा आजार म्हणजे रेबीज. फिलिपिन्समध्ये दरवर्षी 200 हून अधिक माणसे त्याने मरतात. चावलेल्या जागी शिंग लावून विष ओढणे, याला तांदोक म्हणतात, आणि जखमेवर लसूण चोळणे हेही सर्रास चालते. तांदोकवरचा विश्वास टिकतो, यामागे एक साधे कारण आहे: चावणारे बहुसंख्य कुत्रे पिसाळलेले नसतात, त्यामुळे शिंग लावलेली बहुतेक माणसे जगतात आणि गावभर सांगतात. जो मरतो, तो पुष्कळदा काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी मरतो, तेव्हा शिंगाचा संबंध कुणी लावत नाही. लक्षणे दिसू लागल्यावर हा आजार जवळजवळ कुणालाच सोडत नाही. तिथल्या 2007 च्या रेबीजविरोधी कायद्याने कुत्र्याच्या मालकावर लसीकरणाची जबाबदारी टाकली; श्वानदंशावर लस देणारी केंद्रेही देशभर आहेत. महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर, 2013 साली, जो जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्याच्या अनुसूचीत कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा गुन्हा ठरवला आहे. त्या कलमाची शब्दरचना मला फार नेमकी वाटते. तिथे गुन्हा आहे तो अडवण्याचा.

तिकडच्या बारांगायांसाठीही मला नेमके हेच हवे आहे. शिंग लावणाऱ्या म्हाताऱ्याकडे चावलेला मुलगा पहिल्यांदा येणारच. मग त्याच्याच दारात साबण आणि वाहते पाणी असावे, आणि 15 मिनिटे जखम धुणे हा त्याच्या विधीचा पहिला भाग व्हावा. प्रार्थना त्याने धुताना म्हणावी. लस टोचायला केंद्रात पोहोचेपर्यंत आपले काम पूर्ण होत नाही, हे त्याने स्वतःच्या तोंडाने मुलाच्या आईला सांगावे. आणि केंद्रापर्यंतचे हबाल-हबालचे जाण्या-येण्याचे भाडे, लशीच्या प्रत्येक मात्रेसाठी वेगळे, बारांगायच्या निधीतून त्याच्याच हाती आधी ठेवलेले असावे, कारण पहिल्या सुईनंतर अर्धवट सोडून दिलेल्या मुलांच्या घरी मी गेले आहे आणि तिथे दर वेळी ऐकलेले कारण भाड्याचे होते.